मधला एक मीटर

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो. दगड म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो, नाहीतर रस्त्याकडेचा मैलाचा दगड. मी त्यांतला नाही. लांबीला मी तुमच्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेन आणि जाडीला पाण्याच्या पेल्याएवढा. पूर्वी सगळीकडून गोल होतो. पुढे माणसांनी मला उभा चिरला, म्हणून आता एका अंगाने सपाट आहे. माझे बहुतेक आयुष्य समुद्राच्या तळाखाली अडीच किलोमीटर खोल गेले. आता बंदराच्या भिंतीमागच्या भरावात पडून आहे. मधल्या काही वर्षांत माझे फार कौतुक झाले. ते कौतुक माझे नव्हते, आणि ते तेव्हाच कोणाला कळले असते तर एका म्हाताऱ्याची लेक आज त्याच्याजवळ असती.

मी मुळात वाळू. एक मोठी नदी होती. तिचे नाव मला ठाऊक नाही, कारण नाव ठेवायला तेव्हा कोणी नव्हते. ती डोंगर कुरतडायची आणि त्याचा चुरा समुद्राच्या तोंडाशी आणून टाकायची. आधी आलेली वाळू खाली बसे, मागून आलेली तिच्यावर. त्यामुळे आमच्या घराण्यात खालचा तो थोरला आणि वरचा तो धाकटा. तुमच्यात थोरले डोक्यावर बसतात, आमच्यात धाकटे बसतात, एवढाच काय तो फरक.

माझ्या लगेच खाली माझा थोरला भाऊ होता. तो मोठ्या पुरांच्या काळात आला. त्याचे दाणे मोहरीएवढे, जाडेभरडे, एकमेकांना धड न चिकटलेले. जाडीला तो जेमतेम एक मीटर, पण पसरलेला कोसच्या कोस. माझे दाणे बारीक आणि एकसारखे. मी शिस्तीचा, तो मोकळाढाकळा. माझ्यातून पाणी जायचे ते मुंगीच्या पावलाने. त्याच्यातून ते पळत जायचे. त्याच्या खाली पुन्हा माझ्याच स्वभावाचा बारीक दगड होता, त्याला आमचा आजोबा म्हणा.

मग नदी दुसरीकडे वळली आणि आमच्यावर नुसता चिखल साचत गेला. तो दाबून दाबून इतका घट्ट झाला की त्यातून पाण्याचा थेंब हलेना. ते आमचे झाकण. आमच्या कितीतरी खाली मेलेली झाडेझुडपे आणि डोळ्यांना न दिसणारे जीव गाडले गेले होते. जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने ते लाखो वर्षे शिजत राहिले आणि त्यांचा वायू झाला. वायू हलका. तो वाट काढत वर चढला, आमच्यात शिरला आणि झाकणाला डोके लागल्यावर थांबला. तोवर जमिनीने आम्हा सगळ्यांना मधोमध उचलून घुमटासारखा आकार दिला होता. घुमटाच्या माथ्यात वायू आणि त्याच्या खाली चोहोबाजूंनी खारे पाणी, अशी आमची वस्ती होती.

पुष्कळ लोकांना वाटते की खाली मोठी गुहा असते आणि तिच्यात वायू कोंडलेला असतो. तसे नाही, मित्रांनो. वायू राहतो आमच्या दाण्यादाण्यांमधल्या फटींत, आणि त्या फटी तुमच्या डोळ्यांना दिसणारही नाहीत इतक्या लहान असतात. मी दिसायला भरीव आहे, पण माझा पाचवा हिस्सा पोकळ आहे. त्या पोकळीत मी कित्येक युगे वायू सांभाळून ठेवला आणि एकदाही तक्रार केली नाही.

एके दिवशी डोक्यावर कुरकुर ऐकू आली. समुद्रावर लोखंडी पायांचे एक मचाण येऊन उभे राहिले होते आणि त्यावरून माणसे विहीर खणत खाली येत होती. झाकण भेदल्यावर त्यांनी साधे पाते काढून पोकळ पाते लावले. त्याच्या कडेला हिऱ्यांचे दात होते आणि मधोमध भोक. ते फिरत फिरत खाली उतरले की मधला दगड उभाच्या उभा नळीत शिरतो. अशा दगडाला कामावरची माणसे कोअर म्हणतात. अठरा मीटरची नळी होती. आधी माझ्यावरचे धाकटे नळीत गेले, मग मी गेलो, आणि माझ्यामागे थोरल्याची पाळी आली.

तो आलाच नाही. हिऱ्यांचे दात लागताच त्याचे दाणे सुटे झाले आणि पात्याला थंड ठेवण्यासाठी वरून सोडलेल्या गढूळ पाण्याने त्यांना बघता बघता धुऊन नेले. एक मीटर जाडीचा भाऊ माझ्या पायाखालून गेला. पाठोपाठ आजोबा नळीत आले आणि माझ्या टोकाला येऊन भिडले. माझ्या खालच्या खळग्यात भावाचे चार दाणे तेवढे अडकून राहिले. हे सगळे मी पाहिले. दुसऱ्या कोणी पाहिले नाही.

नळी वर आली तेव्हा माझ्यातला वायू फसफसत बाहेर पडत होता. डेकवरची माणसे ओणवी होऊन ते बघत होती आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. नळी मोजली. अठरा मीटर कापले होते, हाती सतरा आले होते. "एक मीटर गेला," कोणीतरी म्हणाले, आणि तसे लिहून घेतले. तेवढ्यावर त्यांचे समाधान झाले.

तिथून बोटीने आम्ही बंदरावरच्या कोठारात आलो. पत्र्याचे लांबलचक कोठार, छताला टेकणारे लोखंडी रॅक, त्यांवर ओळीने शेकडो लाकडी पेट्या आणि प्रत्येक पेटीत कुठल्यातरी विहिरीचा दगड. आत ओल्या मातीचा वास असे. त्या कोठाराचा कारभार एका माणसाकडे होता. सगळे त्यांना पेटीकाका म्हणत. बावीस वर्षे ते तिथेच होते. बायको जाऊन पुष्कळ दिवस झाले होते. घरी एक लग्न झालेली लेक आणि वेल्डिंगचे काम करणारा जावई होता.

काकांचे काम असे. आम्हाला नळीतून काढायचे, पुसायचे, तुकड्याला तुकडा जुळवायचा आणि अंगावर दोन उभ्या रेघा ओढायच्या, एक लाल, एक काळी. दगड उभा धरला की लाल उजवीकडे आणि काळी डावीकडे आली पाहिजे. तसे झाले की वरचे टोक वर आहे. एकदा रेघा चुकल्या तर दगड डोक्यावर उभा राहतो आणि मग मोठमोठे विद्वान लोक उलटे शहाणपण लिहून मोकळे होतात. काका या बाबतीत डोळ्यांत तेल घालून काम करत. तुकडे जुळवताना ते डोळे मिटत आणि टोकावरून अंगठा फिरवत. तुटलेल्या कपाचा कान जसा आपल्याच जागी बसतो तसा प्रत्येक तुकडा आपल्याच शेजाऱ्याला बसतो, असे ते म्हणत.

माझ्या खालच्या टोकावरून त्यांचा अंगठा फिरला आणि थबकला. त्यांनी आजोबांचे वरचे टोक चाचपले. पुन्हा माझ्याकडे आले. दोन-तीनदा त्यांनी आम्हाला एकमेकांवर बसवून पाहिले. मग उठले, एक मीटर लांबीचा लाकडी ठोकळा शोधून आणला, त्यावर 'नाही' असे लिहिले आणि तो आम्हा दोघांच्या मध्ये ठेवला. जिथला दगड हाती आला नाही तिथे असा ठोकळा ठेवायची पद्धत आहे. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला नीट समजून घेणारा तो एकच क्षण आला.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. ताई म्हणजे भूगर्भशास्त्राच्या बाई. गळ्यात दोरीला बांधलेले भिंग, हातात पाणी फवारायची बाटली. मला ओले करून त्या माझ्या नुकत्याच चिरलेल्या सपाट अंगावर इतक्या जवळून वाकत की त्यांचा श्वास मला लागे. दगडाचे वाचन स्वतःच्या जबाबदारीवर करण्याची त्यांची ती पहिलीच वेळ होती. कोठारात येणाऱ्या लोकांपैकी काकांच्या गुडघ्याची चौकशी करणाऱ्या त्या एकट्याच. म्हणून मला त्यांचा राग धरता आला नाही, अजूनही येत नाही.

"काका, ठोकळा मध्येच का ठेवलात?" त्यांनी विचारले.

"ही दोन टोकं जुळत नाहीत ताई. याच्या खाली खळगा आहे आणि त्याच्या वर पण खळगाच आहे. खळग्यात खळगा बसेल कसा?"

"नळीत घासली असतील एकमेकांवर."

"घासलेलं टोक गुळगुळीत होतं. याला हात लावून बघा, खरखरीत आहे."

ताईंनी हात लावला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच वेळी दारातून मोठे साहेब आत आले. ते दगडाला हात लावत नसत, दगडाचे आकडे तेवढे हाताळत. त्यांना उद्या दुपारच्या हेलिकॉप्टरने मुख्य कार्यालयात जायचे होते आणि ताईंचा रिपोर्ट सोबत न्यायचा होता.

"नियम काय आहे?" त्यांनी विचारले.

"जो दगड हाती आला नाही, तो सगळ्यात खालचा धरायचा," ताई म्हणाल्या. "नळी वर खेचताना खालचाच निसटतो, म्हणून."

"मग धरा की. विहिरीत सोडलेल्या यंत्राचं वाचन काय म्हणतंय?"

"मधल्या जागेचं वाचन वेडंवाकडं आलंय. तिथे विहिरीची भिंत ढासळलीय."

"म्हणजे वाचन खराब. सोडून द्या ते. मधलं काहीतरी गेलं पण काय ते माहीत नाही, असं मी वर सांगू का? संगणकात आकडा घालावा लागतो बाई. 'माहीत नाही' हा काही आकडा नाही."

एवढे बोलून साहेब गेले. भिंत तिथेच का ढासळली, हे त्यांनी विचारले नाही. भावाच्या अंगात एकमेकांना धरून ठेवायचे बळच नव्हते, म्हणून ती ढासळली होती. मी ओरडून सांगितले असते, पण दगडाला कुठले तोंड.

ताईंनी ठोकळ्याकडे पाहिले. मग म्हणाल्या, "काका, सरकवा खाली. नेहमी खालचंच सुटतं."

"नेहमी म्हणजे दरवेळी नाही, ताई."

ताई हसल्या. "उद्या दुपारी द्यायचंय हो सगळं. प्लीज."

काकांनी ठोकळा उचलला, आजोबांना आणि त्यांच्या खालच्या सगळ्या तुकड्यांना वर सरकवले आणि ठोकळा शेवटच्या पेटीच्या तळाशी नेऊन ठेवला. आजोबा मला टेकले. आम्हा दोघांनाही अवघडल्यासारखे झाले, पण कागदावर आम्ही सख्खे शेजारी झालो.

त्याच दुपारी कोठाराच्या पायरीवर चहा पिताना काकांनी विचारले, "ताई, एक घरचं विचारू का?"

"विचारा ना."

"जावयाला त्याच्या भावानं परदेशी बोलावलंय. काम पक्कं आहे. पण इथला वायू लागला तर इथेच काम मिळेल म्हणतो तो. लेक माझ्या तोंडाकडे बघतेय. मी थांब म्हटलं तर थांबेल ती. तेवढी एकच आहे हो मला. किती वर्षं चालेल हे सगळं?"

ताईंनी बोटांवर काहीतरी मोजले. "पंचवीस वर्षं तरी. बिनधास्त राहू द्या तिला."

काकांना ती काळ्या दगडावरची रेघ वाटली. मी स्वतः दगड आहे. अंगावरची रेघ किती टिकते ते मला विचारा; रॉकेलचा एक बोळा पुरतो. पण काकांनी त्या संध्याकाळी लेकीला थांब म्हणून सांगितले आणि जावयाने भावाला नकार कळवला.

पुढच्या महिन्यात विहिरीतून वायू किती येतो याची परीक्षा झाली. मचाणाच्या टोकाशी वायू पेटवला तेव्हा म्हणे ज्वाळेचा उजेड बंदरापर्यंत दिसला. माझ्यासारख्या बारीक दगडातून येईल असे वाटले होते त्याच्या तिप्पट वायू आला. कोणालाच शंका आली नाही. हवे ते अपेक्षेपेक्षा जास्त मिळाले तर माणसे कारण विचारत नाहीत. तो सगळा वायू भावाच्या वाटेने आला होता. नाव माझे झाले.

मग माझे दिवस पालटले. मला घासूनपुसून चकचकीत केले, खालचे टोक प्लास्टरमध्ये रोवले, त्याला पितळी बैठक केली आणि बंदरावरच्या कार्यालयाच्या दर्शनी दालनात काचेच्या कपाटात ठेवले. वर दिवा, खाली पाटी. येणारे-जाणारे थांबत. फोटो काढत. एकदा कोणा पाहुण्यांच्या स्वागताला माझ्याभोवती फुलेही ठेवली होती. भावाचे चार दाणे मात्र प्लास्टरखाली गाडले गेले. चूक दाखवणारा तेवढाच पुरावा होता आणि त्याच्यावर पितळ चढले होते.

बाहेर जोरात काम चालू होते. समुद्रात पोलादी पायांचा मोठा फलाट उभा राहिला. सहा विहिरी खणल्या. समुद्राच्या तळावरून किनाऱ्यापर्यंत वायूचा नळ टाकला आणि तो जिथे जमिनीवर चढला तिथे वायू कोरडा करण्याचा कारखाना बांधला. त्या नळाच्या जोडांवर काकांच्या जावयाने चार वर्षे वेल्डिंग केले. कारखान्यामागच्या उतारावर नवी घरे झाली, दुकाने झाली, दवाखाना झाला. उतारावरचे तिसरे घर काकांच्या लेकीचे. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून कारखान्याची चिमणी दिसे. काका दर रविवारी तिकडे जेवायला जात आणि सोमवारी तिने दिलेला डबा घेऊन कोठारात येत. कार्यालयात कागद द्यायला आले की माझ्या काचेसमोर क्षणभर थांबत. एकदा त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला आणि गडबडीने रुमालाने ठसा पुसला.

वायू सुरू झाल्यावर दालनाच्या भिंतीवर मोठा पडदा लागला. त्यावर रोजचा आकडा झळके. पहिली चार वर्षे तो वर वर गेला. पाचव्या वर्षी एका सकाळी दोन इंजिनिअर माझ्यासमोर उभे राहून हलक्या आवाजात बोलत होते. दोन नंबरच्या विहिरीला पाणी आले होते. पाणी कधीतरी येणारच होते, पण पंधराव्या-सोळाव्या वर्षी, तेही थोडे थोडे. हे धो धो आले. विहिरीत खाऱ्या पाण्याचा स्तंभ उभा राहिला आणि त्या वजनाखाली वायूचा दम कोंडला. दोन महिन्यांत चौथी विहीर गेली, मग पहिली. मोठमोठ्या माणसांच्या तोंडचे पाणी पळाले. पाणी कुठून येते ते कोणालाच सांगता येईना. संगणकात अशी वाटच नव्हती.

एके दिवशी भिंतीवरचा पडदा बंद झाला आणि पुन्हा लागला नाही. माझ्यासमोर कोणीतरी झाडाची कुंडी आणून ठेवली. दिवा गेला तो कोणी बदलला नाही. सहावे वर्ष संपता संपता कार्यालयाचा तो मजलाच रिकामा केला आणि मला जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून कोठारात परत पाठवले. काकांनी कागद सोडला, मला हातात घेतले आणि एवढेच म्हणाले, "आलास?"

त्याच आठवड्यात ताई आल्या. केस पांढरे व्हायला लागले होते. काकांच्या गुडघ्याची चौकशी करायचे त्या विसरल्या, यावरून काय ते समजा.

"काका, त्या विहिरीच्या सगळ्या पेट्या मांडा. पहिल्यापासून."

काकांनी मांडल्या. माझी जागा रिकामी होती. ताईंनी बैठकीला हात घातला. प्लास्टर निघेना. काकांनी छिन्नी आणली, हलक्या हाताने ठोकले आणि प्लास्टर एकाच तुकड्यात सुटले. ताईंनी माझे खालचे टोक भिंगाखाली धरले. इतक्या वर्षांनी त्या माझ्या त्या टोकाकडे पहिल्यांदा बघत होत्या.

मग एक उपडी पेटी ओढून त्या तिच्यावर बसल्या.

"चार दाणे आहेत," त्या म्हणाल्या. "मोहरीएवढे. हा थर कुठेच नाही आपल्या कागदांत."

"म्हणजे मधलाच गेला होता?"

"मधलाच. अख्ख्या घुमटाखालून जाणारी वाट होती ती. कडेचं पाणी तिच्यातून सरळ विहिरींपाशी आलं. माहीत असतं तर विहिरी वेगळ्या खणल्या असत्या. त्या थराच्या वरच थांबलो असतो. वायू सावकाश काढला असता."

"आता काही होईल का?"

"नाही." ताईंनी मान हलवली. "वायू संपलेला नाही काका. निम्म्याहून जास्त अजून तिथेच आहे. पण पाणी पुढे घुसलं आणि तो बारीक दगडात मागे अडकला. तो आता निघायचा नाही. कोणालाच नाही."

कोठारात पत्र्यावर ऊन तापल्याचा कडकड आवाज येत होता. काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठोकळा मी सरकवला."

"मी सांगितलं म्हणून."

"हात माझा होता. अंगठ्याला कळलं होतं. तरी सरकवला."

"तुमची लेक..." ताईंनी विचारले आणि वाक्य अर्धेच राहिले.

"जावई गेला गेल्या महिन्यात. जहाजावर काम मिळालंय, आठ-आठ महिने येणं नाही. भावाकडची ती जागा केव्हाच भरली. घर कोणी घेत नाही, उतारावरची सगळीच घरं विकायला आहेत. ती नणंदेकडे जातेय राहायला."

"बिनधास्त म्हणाले होते मी तुम्हाला."

काकांनी मान खाली घातली. त्यांनी 'जाऊ द्या ताई' म्हणायला हवे होते, असे मला वाटले. ते म्हणाले नाहीत. ताईंना ते अपेक्षितही नव्हते. त्या उठल्या आणि त्यांनी सगळे खरे खरे लिहून काढले. तो रिपोर्ट वर गेला, पोचला, त्यावर पोच मिळाल्याचा शिक्का बसला. मोठे साहेब तोवर दुसऱ्या ठिकाणी आणखी मोठे झाले होते. नियम पाळला होता, असे त्यांनी कळवले, आणि ते खोटे नव्हते. ताईंनी नोकरी सोडली. त्यानंतर मला त्या दिसल्या नाहीत.

जायच्या दिवशी काकांची लेक कोठारात आली. अंगणातून आत येते तशी ती पेट्यांच्या ओळीतून सरळ चालत आली.

"बाबा, तुम्ही पण चला ना."

"नणंदेच्या घरी बापाला घेऊन जातात का कुठे? आधी तू तर नीट रहा."

"मग मी येईन अधूनमधून."

"ये की. कोठार बंद झालं की मीच येईन."

दोघांनाही माहीत होते की दोघेही खोटे बोलत आहेत. नणंदेचे गाव दोन दिवसांच्या प्रवासावर होते आणि काकांचे गुडघे आता पायरीही चढू देत नव्हते. तिने टेबलावर डबा ठेवला. काकांनी तो त्या दिवशी उघडला नाही. दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा अन्न आंबले होते; त्यांनी तरीही ते खाल्ले.

सातव्या वर्षी फलाटावरची शेवटची विहीर सिमेंटने बुजवली. वायू नाही तर कारखाना नाही, कारखाना नाही तर दगड कशाला सांभाळायचे? कोठार रिकामे करण्याचा कागद आला. सगळ्या पेट्या बंदराच्या नव्या भिंतीमागे भराव म्हणून टाकायच्या होत्या. तीसहून जास्त वर्षे ज्यांनी पेट्या लावल्या त्यांनाच त्या ट्रकवर चढवून द्यायला सांगितले.

दुपारचा ट्रक आमच्यासाठी होता. काकांनी आमच्या पेट्या आधी टेबलावर घेतल्या. शेवटच्या पेटीच्या तळाशी जाऊन त्यांनी तो लाकडी ठोकळा काढला. मग आजोबांना आणि त्यांच्या खालच्या सगळ्या तुकड्यांना एकेक करून एक मीटर खाली सरकवायला लागले. पन्नास-साठ तुकडे असतील. नजर कमी झाली होती, म्हणून प्रत्येक टोक ते अंगठ्याने चाचपत होते. लाल रेघ उजवीकडे, काळी डावीकडे. बाहेर ट्रकवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला आणि शेवटी तो आत आला.

"काका, टाकायच्याच आहेत ना पेट्या? मग नीट कशाला लावताय?"

"लावायच्या राहिल्या होत्या," काका म्हणाले.

त्यांनी ठोकळा माझ्या पायाशी ठेवला. जुने 'नाही' पुसट झाले होते. काकांनी पेन काढून ते पुन्हा गिरवले, फुंकर मारून शाई वाळवली आणि झाकण लावले.

अर्ध्या तासाने पेट्या भरावात उलथल्या. लाकूड फुटले, आम्ही गडगडत खाली गेलो. लाल-काळ्या रेघा कुठल्या कुठे झाल्या. आता माझ्या एका बाजूला फुटकी वीट आहे, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच विहिरीचा कोणी अनोळखी दगड आहे. आजोबा कुठे पडले ते मला माहीत नाही.

मित्रांनो, आत्मकथेच्या शेवटी काहीतरी मागायची रीत आहे, म्हणून मागतो. मला उचलून न्या, धुऊन पुसून ठेवा, असे मी म्हणत नाही. त्याचा आता काही उपयोग नाही. एवढेच करा. जिथले तुम्हाला माहीत नाही, ती जागा मोकळी ठेवा आणि तिथे 'नाही' असे लिहा. कितीही घाई असली तरी दोन न जुळणारी टोके एकमेकांना टेकवू नका. आणि ज्याच्या अंगठ्याला काही कळते, त्याला दोन वाक्ये पुरी बोलू द्या.

खाली भाऊ अजून पसरलेला आहे. त्याच्यातून पाणी जात असेल. वरच्या बारीक दगडात वायू तसाच अडकून असेल, कोणाच्याही चुलीला न लागता. उतारावरच्या तिसऱ्या घराची खिडकी मला इथून दिसते. तिला लावलेल्या फळ्यांतली एक सुटली आहे आणि वारा आला की ती आपटते.

तो ठोकळा तेवढा माझ्यासोबत राहील असे वाटले होते. पण लाकूड हलके असते. पहिल्याच भरतीला पाणी भरावात शिरले, ठोकळा उचलला गेला आणि माझ्या पायापासून सुटून तरंगत निघून गेला.